वळख पाहू, मास्तरीण

माझी भाची दर रविवारी येते आणि मला उपदेश करते. "आत्या, काहीतरी खेळत जा. रोजच्या कामात गंमत शोधली की माणूस म्हातारं होत नाही." कुठल्याशा मासिकात वाचून येते. ते ऐकलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. खेळायचं म्हणे! जणू खेळ म्हणजे बाजारातली मेथीची जुडी, गेलं आणि पिशवीत घालून आणली. खेळायला आधी कोणाची तरी परवानगी लागते, आणि ती कोणाला मिळते नि कोणाला मिळत नाही, हे त्या मासिकवाल्यांच्या गावीही नसतं. साठी उलटल्यावरही दिवसभर खेळणारी एक बाई मी पाहिली आहे. तिच्यावर मी इतकी वर्षं चिडून आहे की आता भाचीला सांगायचं तर कुठून सुरुवात करावी तेच कळत नाही.

ती माझी घरमालकीण. अकोल्याला जठारपेठेत तिचं तीन खोल्यांचं घर होतं. जातीने माळीण, माहेर शेंदूरजनाघाटचं, संत्र्यांच्या बागांतलं. नवरा जाऊन वीस वर्षं झाली होती. डोक्यावर टोपली घेऊन भाजी विकत तिने एकुलती मुलगी उजवली होती आणि घर राखलं होतं. सगळी आळी तिला माय म्हणायची. मी 'मालकीणबाई' म्हणत असे, कारण कोणाशीही अंतर राखून वागायचं असा माझा नेम होता.

नेम नव्हे, धाक होता. मी अमरावतीच्या एका भिक्षुकाची मुलगी. नवव्या वर्षी लग्न झालं आणि अकराव्या वर्षी कुंकू पुसलं. बापाने केस राखू दिले, तेवढेच त्याचे उपकार. पुढे मामाने हट्टाने शिकवलं, ट्रेनिंग केलं, आणि अकोल्याच्या मुलींच्या एका शाळेत नोकरी लागली. ती गेली असती तर बापाच्या स्वयंपाकघरात परत जाऊन जन्मभर ओल्या लाकडांचा धूर खायचा होता. शाळेच्या चिटणिसांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "बाई, तुमच्या वागण्याकडे गावाचं लक्ष राहील." हे चिटणीस जठारपेठेतलेच वकील. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात होती.

एकट्या विधवेला खोली कोण देणार? आमच्याच जातीच्या चार घरांनी दारातूनच वाटेला लावलं. पाचवं हे. म्हातारी ओट्यावर बसून कोथिंबीर निवडत होती. माझं नाव नाही विचारलं, गाव नाही, भाडं नाही. विचारलं काय, तर, "सागरगोटे येते काय वं तुले?"

"लहानपणी येत होते."

"मंग रायजो."

मला संताप आला. चार घरांचा अपमान गिळून आलेल्या बाईची ही थट्टा? पण खोली हवी होती. मी मूग गिळून आत पेटी ठेवली.

तिचं सगळंच असं. सरळ काही करेल तर शपथ. विहिरीवरून पाणी आणताना ती फक्त काळ्या फरशांवर पाय ठेवायची, पांढऱ्या फरशीवर पडला तर घागर घेऊन परत विहिरीपर्यंत जायची. विकायला नेलेल्या कोहळ्याचं, म्हणजे लाल भोपळ्याचं, वजन गिऱ्हाइकाने आधी ओळखायचं, मगच तराजू हातात घ्यायचा. बरोबर आलं तर वर कोथिंबीर. वांग्यांना नावं ठेवायची, आणि विकताना "ह्या जमादाराले नीट भरजो वं, मिशा हायेत त्याले" असं गिऱ्हाइकाला सांगायची. चौकात टांगा दिसला की टोपलीसकट त्याच्याशी शर्यत लावायची. घोड्याला हे माहीत झालं होतं. टांगेवाला शपथेवर सांगायचा की तिचं लुगडं दिसलं की घोडा आपणहून पाय उचलतो.

"मालकीणबाई, वयाला शोभेल असं वागावं माणसाने," असं मी एकदा म्हणाले. मी तेव्हा चोवीस वर्षांची होते.

"काम तं बैलबी करते वं," ती म्हणाली. "माणसानं त्याच्यात काई तरी मजा टाकाव. म्हतारपण रोज दाराशी येते माह्या. आत खेळ चालू दिसला का मनते, आता नाई, मंग येतो."

एकदा नागपूरहून शाळाखात्याच्या इन्स्पेक्ट्रेस बाई आल्या. एकटी शिक्षिका कुठे राहते, घर कसलं आहे, तेही त्यांना पाहायचं होतं. मी लुगड्याला कडक खळ घातली होती. त्यांना घेऊन घराशी आले, कडी वाजवली, आणि म्हातारीने दार उघडलं ते तोंडात संत्र्याच्या सालीचे कापलेले दात बसवून. चांगले बोटभर लांब, नारिंगी. इन्स्पेक्ट्रेस बाई "अग बाई!" करून दोन पायऱ्या खाली. माझ्या डोळ्यांपुढे ओल्या लाकडांचा धूर उभा राहिला. म्हातारीने शांतपणे दात काढले, कमरेला खोचले, आतून एक कोहळं आणून बाईंच्या हातात दिलं आणि म्हणाली, "वळखा बरं, किती शेर?" त्या परदेशात शिकून आलेल्या बाईंनी कोहळं हातात तोललं, डोळे मिटले आणि सांगितलं. साफ चुकलं. त्या इतक्या हसल्या की डोळे पुसावे लागले. शेऱ्यात त्यांनी लिहिलं, राहण्याची व्यवस्था समाधानकारक.

मला काय वाटलं असेल? आनंद? छे. मी दोन वर्षं मान खाली घालून, शब्द मोजून, पावलं मोजून जे मिळवत होते, ते हिने सालीच्या दातांनी दोन मिनिटांत मिळवलं. मी त्या दिवशी रागाने जेवले नाही.

हिवाळ्यात ती हरभऱ्याचे घाटे सोलायला बसायची आणि मला ओढून बसवायची. घाट्यात दाणा एक की दोन, ते सोलण्याआधी सांगायचं. चुकलं तर दंड, आजवर कोणाला न सांगितलेली एक गोष्ट सांगायची. मी तीनदा चुकले. दोनदा काहीबाही सांगून वेळ मारून नेली. तिसऱ्यांदा कोण जाणे काय झालं, खरंच तोंडातून गेलं.

मी विधवा झाले त्या वर्षीची गोष्ट. वऱ्हाडात भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत घरोघर मातीची भुलाबाई बसते. संध्याकाळी पोरी टिपऱ्या घेऊन घरोघर जातात, गाणी म्हणतात आणि मग खिरापत. खिरापत झाकणाच्या डब्यात दडवलेली असते. घरची बाई डबा हलवते आणि पोरींनी आवाजावरून, वासावरून ओळखायचं, आत काय आहे ते. ओळखलं किंवा हरलो म्हटलं की डबा उघडतो. त्या वर्षी पोरी आमच्या घरी आल्या आणि मला माजघरात बसवलं होतं. डबा हलला. कोणालाच ओळखता येईना. मला दाराआडून तळणाचा, गुळाचा आणि कोहळ्याचा वास आला आणि मी ओरडले, "कोहळ्याची बोंडं!" आईने आत येऊन माझ्या तोंडावर हात दाबला. त्या हातालाही गुळाचाच वास होता. पोरींनी न बोलता खिरापत घेतली आणि गेल्या. त्यानंतर मी कधी काही ओळखायला गेले नाही.

म्हातारीने हे ऐकलं. पुढचा घाटा उचलला. "एक का दोन?"

भाद्रपदात तिने भुलाबाई बसवली. आळीतल्या पोरींबरोबर ती स्वतः घरोघर जायची, नातींच्या वयाच्या पोरींत टिपऱ्या घेऊन. एका घरी मीही तेव्हा उभी होते, शाळेच्या कामाने गेले होते. चिवड्याचा वास पार रस्त्यापर्यंत येत होता, आणि ही आपली डोकं खाजवून विचारते, "लाडू? नाई? मंग करंज्या?" घरी येताना मी म्हटलं, "तुम्हाला वास येत नाही का हो?"

"येते वं. गल्लीत शिरतानीच समजलं."

"मग?"

"पयल्याच डावात वळखलं तं खेळ खतम. आन् करनारीचं तोंड पडते. थिनं दिवसभर चुलीपाशी बसून केलं, थे एका घडीत वळखून टाकाव काय? जराक चुकाव माणसानं."

आमच्या घरी रोज संध्याकाळी अंगणात गाणी व्हायची आणि मी दार लोटून आत वह्या तपासायची. खिरापतीच्या वेळी म्हातारी मुद्दाम माझ्या दाराशी येऊन डबा हलवायची. "वळख पाहू, मास्तरीण!" मी पुढची वही ओढत असे. अशा कितीतरी संध्याकाळी गेल्या. कोजागिरीला चार दिवस उरले असताना एकदा डबा हलला आणि आत काही वाजलंच नाही, नुसतं धबधब झालं. पोरींनी सगळं सांगून पाहिलं. आणि दाराच्या फटीतून वास आला.

तिने माझं दुःख घेतलं होतं आणि त्याचा खेळ केला होता. इतका राग मला जन्मात आला नाही. मी ताडकन उठले, तिला चार शब्द सुनवायला दार उघडलं, आणि तोंडातून निघालं काय? "कोहळ्याची बोंडं!"

निघालं आणि माझा मीच हात तोंडावर दाबला. अंगणात माझ्याच वर्गातल्या पंधरा पोरी. मग म्हातारीने झाकण आभाळात फेकलं. "वळखलं! मास्तरीणनं वळखलं!" आणि पोरींनी टाळ्यांचा असा कल्ला केला की शेजारची गाय दावं तोडून पळाली.

ते पुढचे चार दिवस मी खेळले. खोटं कशाला बोलू? टिपऱ्या घेतल्या, गाणी म्हटली, म्हातारीला टांग्याशी शर्यतीत हरवलं. चार दिवस मी खरोखर चोवीस वर्षांची होते. कोजागिरीला पोरींबरोबर चिटणिसांच्या घरीही गेले. त्यांच्या ओसरीवर भुलाबाई बसली होती. त्यांच्या बायकोने मला स्वतःच्या हाताने खिरापत दिली आणि म्हणाली, "बाई, तुमचा गळा किती गोड आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच ओसरीवर मला बोलावणं आलं. भुलाबाई अजून तिथेच होती. चिटणीस म्हणाले, गावात बोभाटा झाला आहे. विधवा शिक्षिका विद्यार्थिनींबरोबर नाचते. मंडळाची बैठक बोलवावी लागेल. पण तुमचं काम चांगलं आहे, तुमचं अहित व्हावं असं मला वाटत नाही. तुम्ही लिहून द्या की घरमालकीण डोक्याने सरळ नाही, तिने तुम्हाला बळेच ओढलं, आणि तुम्ही ते घर सोडत आहात.

मी त्यांच्या तोंडावर दौत फेकायला हवी होती. मी म्हणायला हवं होतं की तुमच्या बायकोने माझा गळा गोड आहे म्हटलं, तिच्याकडूनही लिहून घ्या. मी लिहून दिलं. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. 'घरमालकीण वेडसर असून.' लिहून झाल्यावर त्यांनी कागद लांब धरून पाहिला आणि म्हणाले, "अक्षर सुरेख आहे हो बाई तुमचं." आजही कोणी माझ्या अक्षराची स्तुती केली की मी कागद पालथा घालते.

म्हातारीने माझी वळकटी बांधायला मदत केली. घर का सोडते, ते मी सांगितलं नाही. तिने वळकटीच्या दोरीची गाठ अशी घातली की सोडायला मला अर्धा तास लागला, आणि सुटल्यावर आतून पाच सागरगोटे पडले.

दोन दिवसांत कागदातला मजकूर आळीभर झाला. वेडी. माझ्या सुरेख अक्षरात. आयांनी पोरींना तिच्या अंगणात जायला बंदी केली. चार दिवसांपूर्वी तिच्या तराजूपुढे उभं राहून खिदळणाऱ्या बायका आता मुकाट्याने भाजी घ्यायच्या. एक दिवस शाळा सुटताना ती फाटकाशी उभी होती, हातात डबा. मला पाहून तोंडभर हसली. "वळख पाहू, मास्तरीण."

"इथे मला भेटायला येत जाऊ नका," मी म्हणाले.

"काहून वं?"

मी पोरींना रांग सरळ करायला सांगितलं. तेव्हा तिला कागदाची गोष्ट ठाऊक झाली होती, हे मला मागाहून कळलं. "बरं," म्हणाली आणि काळे दगड बघून त्यांच्यावर पाय ठेवत निघून गेली.

पुढच्या भाद्रपदात मी तिच्या घरावरून गेले. वाट वाकडी करून गेले, खोटं बोलत नाही. अंगणात भुलाबाई होती आणि तिच्यापुढे म्हातारी एकटी. तिने स्वतःच गाणं म्हटलं, स्वतःच डबा हलवला. मग पोरींच्या आवाजात विचारलं, "गोड का तिखट?" आणि आपल्या आवाजात सांगितलं, "गोड." परत बारीक आवाज, "लाडू?" "नाई." "पेढे?" "नाई." मी रस्त्याच्या पलीकडे कडुनिंबाआड उभी होते. आत गेले असते तर दहा पावलं होती. मी गेले नाही. मला तिचाच राग आला. एवढं झाल्यावर तरी रड की! कपाळ बडव, माझ्या नावाने बोटं मोड, काहीतरी कर माणसासारखं!

लवकरच मी अमरावतीच्या शाळेत आले. तिथे मोठी बाई झाले. माझ्या शाळेत शिस्त कडक होती. मधल्या सुट्टीत पोरी सागरगोटे खेळायच्या, त्याला मात्र मी कधी हरकत घेतली नाही. का, ते कोणी विचारायला धजलं नाही.

बारा वर्षं गेली. लढाई सुरू होती, रॉकेलसाठी रांगा लागत होत्या. एका आश्विनात मी पहाटे उठून कोहळं किसलं, गूळ घातला, बोंडं तळली, पितळी डब्यात भरली आणि मोटारीने अकोल्याला गेले. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं. मी तुमचा घात केला. मला क्षमा नको. मला चार शिव्या द्या म्हणजे मी मोकळी होईन.

ती ओट्यावरच होती. फार वाळली होती. तोंडात एकही दात नव्हता, डोळ्यांवर मोतीबिंदूचा सारा आला होता. अंगण स्वच्छ सारवलेलं होतं, आणि त्यावर एकाही लहान पावलाचा ठसा नव्हता. मी समोर बसले. पाठ केलेलं सगळं बाजूला राहिलं. हातात डबा होता, तो हलवला.

"ओळखा पाहू, माय."

तिची मान वर आली. "मास्तरीण?"

"हो."

तिने नाक वर केलं. दुपारच्या उन्हात डबा तापला होता आणि गुळाचा, कोहळ्याचा वास साऱ्या ओट्यावर पसरला होता. आंधळ्यालाही समजलं असतं. ती विचारात पडली. "शेंगदाण्याचे लाडू?"

"नाही."

"मंग चिवडा."

"चिवडा वाजला असता, माय."

"व्हय, वाजला असता." तिने डोकं खाजवलं. "शेव?"

मला कळलं ती काय करते आहे. माझ्या अंगाचा भडका उडाला. मी ओरडले, "मी तुम्हाला वेडी म्हणून लिहून दिलं! माझ्या हाताने!"

"ठाव हाये."

"तुमच्या अंगणात एक पोर उरली नाही माझ्यामुळे!"

"ठाव हाये मले. मदात बोलू नको, डाव चालू हाये." तिने परत वास घेतला, सावकाश, डोळे मिटून, आणि तिच्या बोळक्या तोंडाला पाणी सुटलेलं मला स्पष्ट दिसलं. "करंज्या?"

शिव्या घ्यायला मी साठ मैल आले होते. हे फुकटचं मोठेपण मला नको होतं. हिने मुद्दाम चुकायचं, माझं तोंड पडू नये म्हणून, आणि मी समोर बसून ते घ्यायचं! मला तिच्या हातची एक थप्पड हवी होती. मी म्हटलं, "हरलात म्हणा. म्हणजे उघडते."

"हारली नाई मी. अजून वळखून रायली." तिने कान डब्याच्या दिशेने पुढे केला. "हालव अजून एकडाव."

माझे हात रागाने इतके थरथरत होते की डबा हलवावा लागलाच नाही.